रेघेखालचे अठरा

कल्पना करा, तुम्हाला समोरच्या माणसाचे श्वास मोजायचे आहेत. पूर्ण मिनिटभर, आणि त्याला कळू न देता. कारण कोणी मोजतंय हे कळलं की माणूस श्वास सांभाळून घ्यायला लागतो. म्हणून नर्स नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नाही, फक्त नजर हळूच छातीकडे वळवते. घरी करून पाहा. मी पाहिलं. चाळिसाव्या सेकंदाला माझी मोजणी चुकली.

कल्याणी ओव्हाळ बिबवेवाडीला आमच्याच इमारतीत राहते. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या मार्चमध्ये तिला हाडांच्या वॉर्डात काम होतं. सकाळी दहाला आणि दुपारी बाराला बारा पेशंटचा ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब चार्टवर लिहायचा. श्वासाच्या रकान्यात काय लिहायचं, ते वरच्या वर्गातल्या मुलींनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "अठरा लिही. अठराला कोणी काही विचारत नाही. मधेच एखादा वीस टाक, म्हणजे खरं वाटतं."

आठव्या खाटेवर तात्याराव होते. शनिवार पेठेतले निवृत्त शिक्षक, खुब्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. ते तिला 'अहो विद्यार्थिनी' म्हणत. थर्मामीटर लावला की ठरलेला प्रश्न, "ताप शोधताय की आणताय?"

त्या दिवशी दहाला तिने त्यांचेही अठरा लिहिले. बाराला थर्मामीटर लावला, तर ते काहीच बोलले नाहीत. नुसतं "हं."

नाडी मोजून झाली. कल्याणीने मनगट सोडलं नाही. मिनिटभरात श्वास भरले तीस. तिने पुन्हा मोजले. तीसच.

सिस्टरांचं टेबल दहा पावलांवर होतं. पण चार्टवर दोन तासांपूर्वीचे अठरा होते, तिच्याच अक्षरात. खोटी नोंद सापडलेल्या एका मुलीला तिथून कॉलेजला परत पाठवलेलं तिने पाहिलं होतं. आता बावीस लिहायचे, पुढच्या वेळी सव्वीस, म्हणजे हळूहळू वाढल्यासारखं दिसलं असतं. हे तिला सुचलं होतं, हेही तिनेच मला सांगितलं.

ती टेबलापाशी गेली. "सिस्टर, आठ नंबरचे श्वास तीस आहेत. दोनदा मोजले."

सुनीती सिस्टरांनी चार्ट पाहिला. "दहाला अठरा, आणि आता तीस?"

"दहाचे मी मोजलेच नव्हते."

 सिस्टर तोवर खाटेकडे निघाल्याही होत्या. बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन कमी भरला. मग डॉक्टर, मास्क, स्ट्रेचर. पायात झालेली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती.

मी यंत्रांच्या नोंदी तपासण्याचं काम करतो. आकडा चुकीचा दिसला की सेन्सर बदलतो. स्वतःच्याच आकड्याविरुद्ध साक्ष द्यायला गेलेला सेन्सर मी अजून पाहिलेला नाही.

दुपारी सिस्टरांनी चार्ट तिच्यापुढे ठेवला. "गिरगटून खोडायचं नाही. एक रेघ मार, शेजारी 'मोजले नाही' लिही, सही कर."

"मला परत पाठवणार का?"

"तुमच्या कॉलेजच्या मॅडमना मी सांगणारच आहे. तू उद्या सातला ये. बाराही जणांचे श्वास मोजायचे, एकेक मिनिट. मी शेजारी उभी असेन."

त्या खरोखर उभ्या राहिल्या, आठवडाभर.

सहाव्या दिवशी तात्याराव आयसीयूतून वॉर्डात परत आले. कल्याणीने त्यांचं मनगट हातात घेतलं. "त्या दिवशी नाडी बघत होतात म्हणे, नजर मात्र माझ्या छातीवर," ते म्हणाले. "तुमच्याकडे नाडी छातीत असते का, सिस्टर?"

त्या वॉर्डात तिला पहिल्यांदाच कोणी सिस्टर म्हणत होतं. तिला ते तसंच घेववेना. "तात्याराव, त्या दिवशी सकाळी दहाला मी तुमचे श्वास मोजलेच नव्हते. अंदाजे लिहिले होते."

 हात पुढे करून ते म्हणाले, "मग आता मोजा. आणि मला कळू देऊ नका."

अठरा भरले, खरेखुरे. तिने ते लिहिले. त्याच रकान्यात वर, रेघेखाली जुने अठरा अजून स्वच्छ वाचता येत होते. ते आठवले की कल्याणीला आजही एकच विचारायचं असतं, आणि कोणाला विचारावं ते कळत नाही: दहाला मी मोजले असते, तर किती भरले असते?