झोपलेलं सिमेंट

“सिमेंट हाय का गंमत? पाच मिन्टात घमेल्यात दगड झाला.”

ठेकेदार शेठ माझ्या लॅबच्या दारात ओरडत होते. आवाज असा, की खर्डीच्या स्टेशनमास्तरने अनाउन्समेंट समजून एखादी गाडी सोडली असेल. हातात आमच्याच युनिटची अर्धी गोणी. मागे त्यांचे गवंडी गोविंददादा.

मी वाशिंदजवळच्या ग्राइंडिंग युनिटमध्ये केमिस्ट आहे. क्लिंकर म्हणजे चुनखडी आणि माती भट्टीत भाजून झालेले काळे खडे. ते आम्ही मिलमध्ये दळतो. पिठाची गिरणीच, फक्त हिच्या पोटात लोखंडी गोळे. नुसता क्लिंकर दळला तर पाणी लागताच आवळतो, म्हणून सोबत थोडा जिप्सम घालायचा. तो क्लिंकरला आवरून धरतो.

आरडाओरडा ऐकून आमचे प्लांट मॅनेजर आले. गोणीकडे न बघताच म्हणाले, “सिमेंट ओके आहे. तुमच्या गवंड्याला कालवता येत नाही.”

शेठ गर्रकन वळले. “ऐकला? उद्यापासून येव नको. शेणव्याच्या अंगणवाडीचा प्लास्टर दुसरा कोन पण करील.”

तीस वर्षं थापी धरलेल्या माणसाला हे सगळ्यांसमोर. दादा एवढंच म्हणाले, “माल मेला नाय शेठ, झोपलाय. पाणी न घालता परत कालवा, उठतो का नाय बघा.”

मॅनेजरसाहेब मोठ्याने हसले. मी मात्र खुर्चीतून उठलो. कारण हे ‘झोपलाय’ शिकायला मला कॉलेजात एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं. पुस्तकात त्याला ‘फॉल्स सेट’ म्हणतात.

मी गोणीतलं सिमेंट घेतलं, मोजून पाणी घातलं, कालवलं. पाच मिनिटांत गोळा टणक. साहेब म्हणाले, “बघा, पाणी कमी पडलं.” मी थेंबभरही पाणी न घालता तोच गोळा पुन्हा मळला. लोण्यासारखा मऊ झाला. खोटं वाटत असेल तर सांगतो, त्याची भाकरी थापता आली असती.

आता हे का होतं? मिल फार तापली की जिप्सममधलं पाणी उडतं आणि त्याचं प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. मोडलेल्या पायाला घालतात, तेच. पाणी लागताच ते घट्ट होतं. सिमेंट अजून कच्चंच असतं, म्हणून मळलं की परत सुटतं. गडी नवखा असेल तर वरून पाणी ओततो आणि मग प्लास्टर खरंच कमजोर होतं. दादांनी ओतलं नव्हतं.

मिल थंड ठेवायला आत पाण्याचा स्प्रे असतो. मी मिलच्या रोजच्या नोंदींची लॉगशीट मागवली. स्प्रे दोन दिवस बंद. नोझल चोकअप. साफ करायला मिल थांबवावी लागली असती, आणि साहेबांना प्रॉडक्शन हवं होतं.

“रिपोर्टमध्ये ‘साइटवरची चूक’ लिहा,” साहेब हळू आवाजात म्हणाले.

“नाही लिहिणार.”

“मी ऑर्डर देतोय.”

“द्या की. खाली सही माझी लागते. फॉल्स सेट, कारण मिलचं टेंपरेचर. हेच टाइप होईल, आणि एक कॉपी हेड ऑफिसला.”

साहेबांना असा घाम फुटला, की त्यांनाच मिलमध्ये बसवलं असतं तर स्प्रेची गरज पडली नसती.

त्याच दुपारी मिल थांबली. त्या दोन दिवसांच्या सगळ्या गोण्या परत आल्या. माझं प्रमोशन साहेबांनी अडवलं, ते अजून अडलेलंच आहे. यातून मी शिकलो ते इतकंच: टेस्ट रिपोर्ट लिहायच्या आधी थापीवाल्याला विचारावं, त्याला लॉगशीट लागत नाही.

त्या दिवशी निघताना शेठ ओशाळून दादांना म्हणाले, “झाला गेला सोडा. उद्या सकाळी या कामावर.”

दादा म्हणाले, “उद्या नाय. उद्या भात झोडायचाय.”