ढालीवरचा कळंब : भोर ते वेल्हे

ही सहल निघाली माझ्या हट्टामुळे. राजचिन्हांचा इतिहास वर्गात चित्रांवरून शिकवताना मुलं जांभया देत होती. म्हणून शनिवारी सकाळी मुलांना घेऊन पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलरनं निघाले. कापूरहोळला मिसळ खाल्ली (तिखट असते, सोबत ताक घ्या) आणि भोरकडे वळलो.

राजवाड्याबाहेर उभं राहून सांगितलं, ढालीवरचं चिन्ह म्हणजे घराण्याची ओळख, निरक्षरालाही कळणारी. आपल्याकडे त्याच्या जवळचं काही असेल तर देवक, लग्नात पुजलं जाणारं कुळाचं झाड किंवा पीस. मग प्रत्येकाला घरी फोन करून कागदावर आपल्या देवकाची ढाल काढायला लावली.

"आमच्यात मोरपीस!"

"नाचता येतंय का पन?"

नसरापूरमार्गे वेल्ह्याला पोचलो. रस्ता वळणांचा आहे, आभाळही दाटलं होतं. जेवण माझी विद्यार्थिनी वैशाली हिच्या घरी होतं. तयारीसाठी ती आदल्या दिवशीच गावी आली होती. तिच्या ताईचं लग्न किकवीच्या सागरच्या थोरल्या भावाशी ठरलेलं. सागर आमच्याच वर्गातला, त्यामुळे आज त्याला पाहुण्याचा मान.

"दाजींच्या भावाला तूप वाढा गं!" मुली ओरडल्या. ताई हसत भाकरी घेऊन आली.

वैशालीचे आजोबा, आप्पा, ढाली बघत बसले होते. एकीवर कळंबाचं, म्हणजे कदंबाचं, झाड होतं.

"कळंब लई झ्याक काढलाय. कुणाचा?"

"माझा, आप्पा," सागर म्हणाला.

"तुमच्यात कळंब?"

"व्हय. आईनंच सांगितलं."

आप्पांनी ढाल खाली ठेवली. "आमचं बी कळंबच. एक देवक म्हंजी भाऊ-भैन."

"आप्पा, सुपारी फुटलीया," वैशाली म्हणाली.

"आडनावं येगळी, म्हनून आमी इचारलंच न्हाई. आता कळल्यावर कसं करायचं?"

ताई भाकरी हातात घेऊन तशीच उभी होती. मी म्हणाले, "आप्पा, घाई नका करू." एवढंच. पुढे भात आला, आम्ही जेवलो.

घरी येऊन चार दिवस झाले. काल वैशालीचा फोन आला. लग्न मोडलं. "मॅडम, ताई विचारतीये, इतिहासात कुनी देवक बदललंय का?"

चिन्हं माणसांनी ठरवली आणि गरजेप्रमाणे बदललीही, हे मी दरवर्षी शिकवते. तिलाही तेच सांगितलं.

पलीकडून ताईचाच आवाज आला, "हे तुमी तवा आप्पांसमोर बोलायचं व्हतं."