पत्र्यावरचा बगळा आणि म्हातारा प्रोसेसर

सोमवारी संध्याकाळी पिंपरी कॅम्पातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी चालू गाणं बंद करायला लावलं... गिऱ्हाईक म्हणून जरा जास्तच झालं, पण इलाज नव्हता.

घरच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला होता, तोही नको त्या वेळी. आमची सायली डिझाइन कॉलेजच्या अ‍ॅडमिशनसाठी छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म करत होती, आणि ती शुक्रवारी सकाळी पाठवायची होती.

फिल्म अगदी साधी... महाळुंग्यातल्या एका शेडचा पत्रा उन्हात चमकतो, वरून चाललेल्या बगळ्याला तो तळं वाटतो, आणि तो खाली उतरतो. बस्स, एवढंच. पण ही सगळी दृश्यं कॉम्प्युटरने एकेक करून तयार करायची, त्याला रेंडर म्हणतात, आणि चित्रांचं काम बुधवारी रात्री संपलं की त्यासाठी एकच दिवस उरणार होता... जुन्या वेगाने तेवढ्यात ते होणं शक्य नव्हतं.

नवा कॉम्प्युटर घेऊ म्हटलं, तर सायलीच नको म्हणाली. अ‍ॅडमिशन झाली तर घेऊ म्हणे. मग ठरलं, प्रोसेसर जुनाच ठेवायचा, आणि स्वस्तातला असा बोर्ड शोधायचा, की ज्यावर या म्हाताऱ्याला मूळच्यापेक्षा थोडं जास्त पळवता येईल. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात... आमच्या भाषेत ओव्हरटाइम.

दुकानदार शेखर जुन्या ओळखीचा. त्याने दोन बोर्ड काढले. एकावर रंगीत दिवे, नवरदेवाच्या गाडीसारखे. दुसरा अगदीच साधा, पण प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर अ‍ॅल्युमिनियमचे चांगले जाड ठोकळे बसवलेले. वेग दोन्हींवर वाढवता येतो, असं शेखर म्हणाला, आणि पोरीला दिवेवाला आवडेल, हेही हळूच सांगून घेतलं.

प्रोसेसर मी डब्यात घालून सोबतच नेला होता. म्हटलं, दोन्ही चालवून दाखव.

आधी दिवेवाला. शेखरने वेग वाढवला, पूर्ण लोड दिला... आणि मी म्हणालो, गाणं बंद कर.

निघोज्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. तिथे लेथवर नवा जॉब चढवून लोखंडाला पहिला कट लागताना कुणी बोलत नाही. मोबाईल नाही, चहा नाही, नुसतं ऐकायचं. आयटीआय करून धाराशिवकडून इकडे आलो, तेव्हा ज्या उस्तादांच्या हाताखाली लेथ शिकलो, त्यांनी लावलेली ही सवय. टूल बोथट झालं की आवाज आधी सांगतो, माप नंतर.

बोर्डातून बारीक शिट्टी येत होती, कानाशी डास गुणगुणावा तशी. शेखर म्हणाला, "काका, अशी शिट्टी चांगल्या बोर्डालाही असते." बरोबरच होतं त्याचं. पण मी शिट्टीची चाल ऐकत होतो... ती चढायची, एकदम पडायची, दम खाऊन परत चढायची.

"शेखर, हा मधेमधे बसतोय बघ."

त्याने स्क्रीनवर पाहिलं. वेग खरंच खाली येऊन पुन्हा वर जात होता. वीज पुरवणारा भाग तापत होता, आणि बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा लगाम खेचत होता. शेखर हसला, म्हणाला, "उद्यापासून दुकानात बसायला या तुम्ही."

साध्या बोर्डावर मात्र एकच सूर लागला, आणि टिकला... मागे कुणी तंबोरा धरून बसावं तसा. शेखरला अजून एक पायरी चढवून बघायची होती. मी म्हटलं, उलट एक पायरी खाली घे. म्हाताऱ्याकडून काम करून घ्यायचंय, शर्यत नाही जिंकायची.

गुरुवारी आमच्या एमआयडीसीला सुट्टी. पिंपळे गुरवच्या घरात सकाळीच सायलीने रेंडर लावलं. दुपारी जेवून मी हॉलमध्ये आडवा झालो. खिडकीतून वारा, पडदा हलतोय, कोपऱ्यात तो एकसुरी गुणगुणाट... डोळा कधी लागला, कळलंच नाही.

स्वप्नात मी त्या शेडच्या पत्र्यावर बसलो होतो, आणि पत्रा खरोखरच पाणी झाला होता. गार, उथळ. शेजारी बगळा. खाली खोल कुठेतरी लेथ चालू होता, आणि पाण्यावर त्याचे तरंग उठत होते. उस्ताद पलीकडच्या काठावर चहा पीत बसले होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं...

"बाबा, उठा. आवाज बदललाय."

स्वयंपाकघराच्या दारात सायली उभी, हातात चहाचं पातेलं. मी कान दिला. खरंच, गुणगुण जड झाली होती, कॉम्प्युटरचा पंखा धापा टाकत होता. वाऱ्याने उडालेला पडदा कॅबिनेटच्या मागे, गरम हवा बाहेर पडते तिथेच, चिकटून बसला होता. तिने पडदा ओढून खिडकीला बांधला... हळूहळू सूर परत जागेवर आला. रेंडर थांबलं नव्हतं.

ही पोरगी लहानपणी वर्कशॉपवर आली की दोन्ही कानांवर हात ठेवायची. आता तर घरातसुद्धा सदा हेडफोन. ते टेबलावर पडलेले पाहून मी विचारलं, आज काढून ठेवलेस ते?

तिने चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "पहिला कट होता ना."

संध्याकाळी आम्ही फिल्म पाहिली. बगळा पत्र्यावर उतरतो, पाय टेकताच ठण्ण वाजतं. मला वाटलं, फसगत कळली की उडेल. तो उडत नाही... मान वाकडी करून ऐकत उभा राहतो.

शुक्रवारी सकाळी फिल्म गेली. अ‍ॅडमिशनचं काय व्हायचं ते होईल. उस्ताद आता नाहीत, नाहीतर त्याच दिवशी फोन केला असता... तुम्ही दिलेला कान घरात पोचला म्हणून.