डावखुऱ्या हाताचा कोपरा

माझ्या घरात कोरिया शिरला तो एका कोटाच्या खांद्यावरून.

मुलगी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. दुपारी घरी आली की मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायची आणि जेवता जेवता कोरियन मालिका बघायची. मी तिच्या पाठीमागे मशीनवर. मी ब्लाउज शिवते. एकोणीस वर्षं दादरच्या एका दुकानात शिवले, आणि आमची परळची चाळ पडून तिथे टॉवर झाला तेव्हापासून घरीच शिवते, अकराव्या मजल्यावर. मालिकेतलं बोलणं मला कळायचं नाही आणि पोरं सगळी एकसारखी दिसायची. पण एकदा मान वर केली तर एक बाई जिना उतरत होती आणि तिच्या कोटाची खांद्याची शिवण दंडावर आली होती, चांगली चार बोटं खाली.

"थांबव ते," मी म्हणाले.

मुलीला वाटलं, आता बोलणी बसणार. "संपतच आलंय, आई."

"मागे घे. त्या बाईला परत उतरू दे."

ती बाई तीनदा जिना उतरली. आमच्या धंद्यात खांदा अर्धा इंच उतरला तर गिऱ्हाईक ब्लाउज परत आणतं. इथे चार बोटं उतरला होता, तरी कोट कुठे लोंबत नव्हता की काखेत चुणी पडत नव्हती. म्हणजे कुणीतरी बसून, विचार करून हे ठरवलं होतं. कापणाऱ्याचा हात मला त्या एवढ्याशा पडद्यात दिसला, आणि मी त्या देशाच्या मागे लागले.

त्यानंतर आम्ही दोघी मिळून बघायला लागलो. गाणी ती नाचासाठी बघायची, मी कपड्यांसाठी. सासूबाई तिसऱ्या. एका मालिकेत डोंगरावरचं विहार आलं, आत बुद्धाची मोठी मूर्ती, समोर दिव्यांच्या रांगा. सासूबाईंनी मोबाइलसमोर हात जोडले.

"त्यांच्याकडे हे फार आधीपासून आहे, आजी," मुलगी म्हणाली.

"आधीपासून म्हणजे? बुद्ध गेला इथूनच ना," सासूबाई म्हणाल्या, आणि पाय पसरून पुढचा भाग बघायला बसल्या.

मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. तिने इंटरनेटवर फुकटच्या वर्गात कोरियन शिकायला घेतलं. सकाळी दात घासताना वाक्यं पुटपुटायची, माझ्या खडूने कापडाच्या कातरणांवर त्यांची अक्षरं काढायची. एका चौकोनात व्यंजन, त्यालाच स्वर जोडलेला. आपल्या बाराखडीची लांबची बहीणच म्हणा. तिच्या वडिलांना हा सगळा वेळेचा नास वाटायचा. मी उघड बोलत नव्हते, पण मलाही वाटायचं की या वेळात हिने बँकेच्या परीक्षा दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तिच्या नाचाच्या ग्रुपला जॅकेटं हवी होती. लालबाग-परळच्या पाच मुली, वडाळ्याच्या एका कॉलेजात स्पर्धा. त्यांना तिकडच्या जुन्या पोशाखातलं आखूड जॅकेट आजच्या थाटात हवं होतं. मी म्हटलं, मी शिवते. पहिलं नेहमीसारखं कापलं, बाही जोडायला गोल मुंढा, छातीला टक्स. मुलीने ते घातलं, आरशासमोर उभी राहिली.

"छान झालंय, आई. पण हा ब्लाउज आहे."

माझ्या कटिंगला इतक्या वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी दोन दिवस तिच्याशी त्या विषयावर बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जुनी वर्तमानपत्रं काढली आणि चित्रं बघून कागदावर कापायला बसले. आठवा कागद जमला. त्यात मुंढ्याला गोलाई नाहीच. सरळ अंग, सरळ बाही, पुढचे दोन भाग एकावर एक, आणि वर बंदाची गाठ. आपली बाराबंदी ज्याने पाहिली असेल त्याला हे परकं वाटणार नाही. फरक असा की आम्ही ब्लाउज शिवतो तो अंगाला धरून. ही माणसं अंग आणि कापड यांच्यात हवेला जागा ठेवतात, आणि ती जागासुद्धा मापून ठेवतात.

हे एकदा हाताला कळल्यावर डोळ्यांना सगळीकडे दिसायला लागलं. मुलगी मला त्यांच्या आताच्या लोकांनी केलेल्या खुर्च्या दाखवायची, सिनेमाची पोस्टरं, पुस्तकांची कव्हरं, चहाच्या डब्यांवरची अक्षरं. भलंमोठं पोस्टर, आणि मजकूर कोपऱ्यात चार ओळी. पूर्वी मी म्हटलं असतं, कागद वाया घालवला. आता मी विचारायची, "हे कुणी केलं? अजून काय केलंय त्याने?" मुली स्पर्धेत दुसऱ्या आल्या. परीक्षकांनी जॅकेटं कुठून मागवली ते विचारलं, असं मुलीने सांगितलं. परळहून, म्हणावं.

गेल्या थंडीत मुलगी म्हणाली, "फोर्टला एका कोरियन आर्टिस्टचं प्रदर्शन लागलंय. कापडाचं आहे."

"कापडाचं असेल तर चल."

फोर्टला मी कामाशिवाय कधी गेले नव्हते, आणि गॅलरीच्या काचेच्या दारातून आत तर कधीच नाही. मुलगी मला चांगली साडी नेसायचा आग्रह करत होती. मी रोजचीच नेसले. ब्लाउज माझ्या हातचा होता, तेवढं पुरे होतं.

आत पांढऱ्या भिंती, आणि छतापासून सोडलेली सात-आठ मोठी कापडं. तळहाताएवढे तुकडे जोडून केलेली. बहुतेक पांढरे, सायीच्या रंगाचे, मधेच एखादा हळदी. कापड इतकं तलम की पलीकडचा उजेड त्यातून येत होता आणि शिवणी तेवढ्या गडद रेघा होऊन दिसत होत्या. मुलीने वाचून सांगितलं की याला जोगाकबो म्हणतात. तिकडच्या बायका पूर्वी उरलेल्या चिंध्या जोडून असे रुमाल करायच्या, जेवण झाकायला, भेटवस्तू बांधायला. ही आर्टिस्ट त्याच शिवणीने हे एवढे पडदे करते.

आमच्याकडे चिंध्यांची गोधडी होते. गोधडीला ऊब लागते, म्हणून थरावर थर. इथे थर एकच, आणि त्याला उलटी बाजू नव्हती. दोन्हीकडून बघितलं, दोऱ्याचं एक टोक बाहेर नाही. हे कसं केलं ते बघायला मी कापडाची कड दोन बोटांत धरून उचलली.

"मॅडम, हात नका लावू," गार्ड म्हणाला.

"मी शिवण बघतेय."

"सगळे बघायलाच येतात. लांबून बघा."

आवाज ऐकून आतल्या ऑफिसातून एक बाई आल्या. साठीच्या, केस बारीक कापलेले आणि पांढरे, अंगात सैल काळे कपडे. त्याच त्या आर्टिस्ट. मुलगी पुढे झाली, जराशी वाकली आणि त्यांच्याशी कोरियनमध्ये बोलायला लागली.

तोवर मी तिला मोबाइलमागे वाक्यं म्हणतानाच ऐकलं होतं. जिवंत माणसाशी बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. बाई काहीतरी म्हणाल्या, ही हसली, हिने उत्तर दिलं, त्या हसल्या. माझ्या पोटची पोर, आणि तिच्या तोंडातला एकही शब्द माझ्या ओळखीचा नव्हता. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी थोडं एकटंही वाटलं. बँकेच्या परीक्षांचा विचार मी तिथेच सोडला.

"त्या विचारतायत, तू काय बघत होतीस?"

"त्यांना सांग, याला उलट-सुलट नाही. हे कसं साधलं ते बघत होते."

बाईंनी गार्डला खूण केली आणि स्वतः कापड उलटवून मला दाखवलं. कड दोनदा मुडपून आत घेतलेली, आणि वरून हाताने बारीक तिरपे टाके, तांदळाच्या कणीएवढे. मी चष्मा लावला आणि एकेक पडदा बघत गेले. बाई आणि मुलगी माझ्या मागून येत होत्या.

सर्वांत मोठ्या पडद्याशी मी थांबले. खालच्या कोपऱ्यात, दीड वितीच्या भागात, टाके उलट्या बाजूला कलले होते. बाकी सगळीकडे उजवीकडे, इथे डावीकडे. मी वाकून परत बघितलं.

"हा कोपरा दुसऱ्या माणसाने शिवलाय," मी मुलीला म्हणाले. "डावखुऱ्या."

"आई, सगळं त्यांनी एकटीने केलंय. पाटीवर लिहिलंय तसं."

"पाटी राहू दे. टाका बघ. आणि त्यांना विचार."

तिने चाचरत विचारलं. बाईंचं हसू थांबलं. त्या पुढे आल्या, माझ्याशेजारी वाकल्या आणि स्वतःचाच कोपरा नव्याने बघितल्यासारखा बघत राहिल्या. मग हळूहळू बोलायला लागल्या, आणि मुलगी तुकड्या-तुकड्याने मला सांगत गेली. त्यांच्या स्टुडिओच्या मागच्या गल्लीत एक म्हातारी राहायची. ही शिवण त्यांना तिने शिकवली. लहानपणी डाव्या हातात सुई धरते म्हणून तिने मार खाल्ला, पण हात बदलला नाही. हा पडदा दोघींनी मिळून सुरू केला. कोपरा झाला आणि म्हातारीची नजर गेली. आता ती मुलाकडे असते, गावी. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मग तिचं नाव पाटीवर कुठंय?" मी म्हणाले.

मुलीने मला दंडाला धरून जरा बाजूला घेतलं. मग मराठीत, खालच्या आवाजात म्हणाली, "आई, असं नाही विचारत. त्या केवढ्या मोठ्या आहेत. त्यांच्या भाषेत मोठ्यांशी बोलायचं क्रियापदच वेगळं असतं."

"मग त्या क्रियापदात विचार. आदराने विचार. पण विचार."

दादरच्या दुकानात प्रत्येक ब्लाउजच्या गळ्यामागे मी स्वतःच्या हाताने दुकानाचं लेबल लावायची. माहीम-प्रभादेवीच्या बायका यायच्या आणि त्या लेबलाचं कौतुक करायच्या. त्याचा मला राग नव्हता. दुकान म्हटलं की ते आलंच. पण इथे भिंतीवर लिहिलं होतं की ही कला आहे, आणि ती अमक्या हाताची आहे. मग हात बरोबर लिहायला हवेत.

मुलीने वाक्य मनात जुळवलं, एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं, आणि विचारलं. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पाटीकडे बघितलं, मग अगदी थोडं काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"'बरोबर आहे.' एवढंच."

मग त्यांनी मी काय शिवते ते विचारलं. मी माझ्या बाहीची कड उलटवून दाखवली. त्यांनी मुडपीवरून नख फिरवलं आणि मान हलवली. पुढचा तासभर आम्ही सुया आणि दोऱ्यांवर बोलत होतो. त्यांच्या हळदी तुकड्यांना दोरा थोडा जाड झालाय असं माझं मत पडलं. त्यांना ते पटलं नाही, आणि त्यांनी कारण सांगितलं. मला ते कारण पटलं नाही. मुलगी दोन्हीकडचं सांगून दमली, तेव्हा आम्ही हातवाऱ्यांनी भांडलो.

दहा-बारा दिवसांनी त्याच गॅलरीत बाईंचं भाषण होतं आणि त्यांनी मुलीला दुभाषी म्हणून बोलावलं. आम्ही सगळे गेलो. तिचे वडील शेवटच्या रांगेत बसले. ती माइक हातात घेऊन उभी राहिली, बाई कोरियनमध्ये बोलायच्या आणि ही इंग्रजीत सांगायची. मध्येच आजी दिसली की एखादं वाक्य मराठीतही. घरी आल्यावर वडील म्हणाले, "तो कोरियनचा कोर्स पुढे किती वर्षांचा असतो?" ती आता तो कोर्स करता करता पवईच्या एका कोरियन कंपनीत दुभाष्याचं काम करते.

भाषणाआधी मी मोठ्या पडद्याकडे गेले होते. तिथे नवीन पाटी होती. दोन नावं, एकाखाली एक, सारख्याच मापाच्या अक्षरांत. मुलीने दुसरं नाव मला दोनदा वाचून दाखवलं, मी ते म्हणून बघितलं. बाईंनी म्हातारीच्या मुलाला फोन लावून परवानगी घेतली होती. म्हातारी फोनवर आली तेव्हा तिने नावाचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, टाके अजून धरून आहेत ना.

ब्लाउजला अस्तर लावलं की टू-बाय-टूच्या, म्हणजे अस्तराच्या सुती कापडाच्या, पट्ट्या उरतात, प्रत्येक साडीच्या रंगाच्या. पूर्वी त्या मी पुसायला वापरायची. आता त्या इस्त्री करून रंगाप्रमाणे लावते आणि संध्याकाळी हाताने जोडायला बसते. पहिला रुमाल वाईट झाला. मशीनच्या वेगाची सवय, टाका ओढला जायचा आणि कापड गोळा व्हायचं. दुसरा त्याहून बरा. तिसऱ्याचा फोटो मुलीने बाईंना पाठवला, तर त्यांचं उत्तर आलं की मधला रंग चुकलाय. मी दोन दिवस बघितलं, त्यांचं खरं होतं. सध्या चौथा मांडीवर आहे. हा चांगला होणार.