उभ्या गाडीचा ब्रेक

माझ्या लग्नाची बोलणी ज्या दिवशी झाली, त्या दिवशी मी गाडीच्या पेडलखाली डोकं घालून पडलो होतो. बैठकीत माझ्याबद्दल काय ठरलं, ते मला नंतर कळलं.

गाडी बाबांची. भंडाऱ्यात आमचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. बाबांनी ही गाडी एका डॉक्टरकडून घेतली, तेव्हाच ती डॉक्टरच्या कामाची राहिली नव्हती. काच खाली करायला हँडल फिरवावं लागतं, आणि मागचं एक दार फक्त बाहेरून उघडतं. पण बाबा तिला घासलेल्या परातीसारखी लखलखीत ठेवतात.

सानगडीला मुलगी पाहायला जायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी गाडी सुरू होईना. बॅटरी पार उतरलेली. शेजारचे काका दात घासत फाटकापाशी आले. ते विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे आळीत कुठलाही दिवा लागला किंवा विझला तरी त्यांना सांगावं लागतं.

"रातभर तुमची गाडी ब्रेक मारून राहिली होती जी," ते म्हणाले.

"उभी गाडी कायले ब्रेक मारन?" बाबा म्हणाले.

"ते तिले विचारा. मी उठलो तवा मागचे लाल दिवे जळूनच राहिले होते."

बॅटरी चार्ज करून आणून बसवली. बसवल्याबरोबर मागचे दोन्ही दिवे लागले. पेडलवर कोणाचा पाय नाही, चावी माझ्या खिशात. काकांनी घरून टेस्टर आणला, दिव्याला लावला आणि म्हणाले, "करंट येऊन राहिला."

"ते तर दिसूनच राहिलं," बाबा म्हणाले.

काकांनी मग एक फ्यूज काढला. दिवे विझले. आम्ही खूश होऊन गाडी चौकापर्यंत नेली, तेव्हा कळलं की हॉर्नही त्याच फ्यूजवर होता. बाजारातून परत येताना बाबा खिडकीतून अर्धे बाहेर निघून "सरका भाऊ, सरका माय" म्हणत होते. घरी येईपर्यंत त्यांचा आवाज बसला. फ्यूज परत लावला.

आईचं म्हणणं पडलं की पेडल अडकलं असेल. तिने शिवणयंत्राचं तेल त्यावर ओतलं. दिवे तसेच राहिले, फक्त बाबांची चप्पल पेडलवरून घसरायला लागली. मग बाबांनी पेडल वर ओढून सुतळीने स्टिअरिंगच्या दांडीला बांधलं. दिवे तरीही जळतच होते, आणि आता ब्रेक दाबता येत नव्हता. हे त्यांच्या लक्षात आलं तोवर गाडी काकांच्या फाटकाला जाऊन टेकली होती. फाटकाला काही झालं नाही. काका दोन दिवस बोलले नाहीत.

आमचा नेहमीचा मिस्त्री नात्यातल्या लग्नाला गेला होता. फोनवर म्हणाला, "बल्ब काढून ठेवा, आलो का पाहतो." आम्ही बल्ब काढले. आत्याने ते रुमालात गुंडाळून आपल्या पर्समध्ये टाकले. आत्या बाबांची मोठी बहीण, आसगावहून खास मुलगी पाहण्यासाठी आलेली.

पण आता ब्रेकला दिवाच नाही, आणि जायचं हायवेने. मागचा ट्रक आपल्याला ठोकणार, याबद्दल बाबांना शंका नव्हती. ते जाणंच रद्द करायला निघाले होते.

"त्यात काय हाये?" आत्या म्हणाली. "मी मागं बसते. ब्रेक दाबला का मले सांगत जा. मी कापड दाखवते."

कापड म्हणजे मुलीच्या ओटीसाठी घेतलेलं लाल ब्लाउजपीस.

असे आम्ही निघालो. मी गाडी चालवत होतो, बाबा शेजारी, मागे आई आणि खिडकीपाशी आत्या. मी "ब्रेक" म्हणायचो, आत्या हात बाहेर काढून लाल कापड जोरात हलवायची. लाखनी येईपर्यंत बाबा भीतीने माझ्या आधीच "ब्रेक" म्हणायला लागले. आत्या कापड हलवायची, आणि मागच्याची फसवणूक नको म्हणून मी मग खरोखर ब्रेक दाबायचो. पुढे पुढे आत्याला जिथे वाटेल तिथे ती कापड हलवायची आणि गाडी हळू व्हायची.

लाखनीच्या पुढे एक जीप मागे लागली. आम्ही हळू झालो की ती हळू, आम्ही थांबलो की ती थांबायची.

"लय सभ्य माणसं हायेत," आत्या म्हणाली. "हलवलं का लगेच ऐकतात."

साकोलीहून आम्ही सानगडीकडे वळलो, जीपही वळली. मुलीच्या घरासमोर आम्ही थांबलो, जीपही थांबली. तिच्यातून बरीच माणसं उतरली, हातपाय धुऊन आमच्याबरोबर आत गेली.

हे लोक एका बारशाला निघाले होते, हे नंतर कळलं. त्यांच्या यजमानांनी सांगितलं होतं की एक पांढरी गाडी हायवेवर भेटेल, गाडीतून हात दाखवतील, मागे मागे या. आमची गाडी पांढरी होती, आणि आत्या तर सारखा हात दाखवत होती. आता मुलीच्या वडलांना वाटलं ही सगळी आमची माणसं. बाबांना वाटलं ही मुलीकडची. त्यामुळे दोन्ही बाजूंनी त्यांचं फार अगत्य झालं. फेटा बांधलेले एक म्हातारे त्यांच्यात वडीलधारे होते, त्यांना मधली खुर्ची मिळाली. त्यांनी धानाचा आणि तलावातल्या पाण्याचा विषय काढला, आणि मुलीचे वडील त्यांच्याशी रंगून गेले. बाबांनी मध्ये दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

मला खुर्चीच उरली नाही. थोडा वेळ दारात उभा राहिलो, मग अंगणात आलो. काहीतरी करावं म्हणून गाडीचं दार उघडलं, मोबाईलचा टॉर्च लावला आणि पेडलखाली शिरलो. आईचं तेल नव्या शर्टावर ठिबकत होतं.

तिथे पेडलच्या दांडीला एक बारीकसं भोक दिसलं. समोरच ब्रेकच्या दिव्याचं बटण होतं, आणि त्याचं टोक त्या भोकातून आरपार गेलेलं. म्हणजे भोकात प्लास्टिकचं बूच बसलेलं असणार, जे पेडल वर आलं की बटण दाबून धरतं आणि दिवा विझवतं. तेवढ्यात आठवलं, आईने पायाखालच्या मॅटवरून काळे तुकडे झाडून काढले होते. उंदराच्या लेंड्या समजून गाडीत औषधही ठेवलं होतं.

"ओ भाऊ," बाहेरून बाईमाणसाचा आवाज आला. "तुमी पाव्हण्यातले का?"

मी तसाच पडून "हो" म्हणालो.

"मंग तुमचा नवरदेव म्हणून राहिला का त्याचं लगन झालं हाये, दोन लेकरं हायेत. माह्या बाबाले घाम फुटला."

"तो नवरदेव नाही."

"मंग कोण हाये?"

"मले नाही माहीत. नवरदेव मी आहो."

माझे फक्त पाय बाहेर होते, तेवढे तिने पाहिले असावेत.

"मंग इथं काय करून राहिले?"

"ब्रेकचा दिवा."

मी तिला भोकाचं आणि बल्बांचं सांगितलं. तिने वाकून पाहिलं आणि आत्याच्या पर्समधून बल्ब आणून दिले. ते बसवल्याबरोबर दिवे लागले. ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. मी भोकावर बोट धरलं.

"विझला," ती म्हणाली.

आता बोटाच्या जागी काहीतरी पाहिजे होतं. तिने अंगणातला एक चिंचोका दिला, तो निसटून पडला. मग ती आत जाऊन पानाच्या तबकातली सुपारी घेऊन आली. अडकित्त्याने तासून तासून मी ती भोकात ठोकून बसवली. पेडल दाबलं.

"लागला."

सोडलं.

"विझला."

हे आम्ही गरजेपेक्षा बरंच जास्त वेळा केलं.

तेवढ्यात तिची आई दारातून म्हणाली, "चाल वं, पाव्हणे लेकरू आणा म्हणून राहिले." ती चहाचा ट्रे घेऊन आत गेली. म्हाताऱ्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "एवढं मोठं? मंग आतापर्यंत नावच ठेवलं नाही का जी?"

तिथून सगळं उलगडत गेलं. आई सांगते, सगळ्यात आधी म्हातारेच सावरले. त्यांनी दोनदा पोहे खाल्ले होते, आणि ज्याचे पोहे खाल्ले त्याचं काम अर्धवट टाकून उठणं त्यांना पटेना. त्यांनी बाबांना दुकानाचं विचारलं, मुलीच्या वडलांना मुलीच्या शिक्षणाचं विचारलं, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "लोक दोन्हीकडचे चांगले हायेत. करून टाका."

मी हाताचं तेल धुऊन आत आलो तेव्हा जीप निघून गेली होती.

दोन दिवसांनी मुलीच्या वडलांचा होकाराचा फोन आला. फक्त त्यांचं एक म्हणणं होतं, लग्नाला ते फेटेवाले बाबा आले पाहिजेत. बाबांना हे लागलं, पण करणार काय. आमच्याकडे ना त्यांचा नंबर होता ना पत्ता. बाबा आणि मी गाडी घेऊन लाखनीच्या बाजूची गावं फिरलो, कुठे बारसं झालं का म्हणून विचारत. बारशी पुष्कळ घरी झाली होती. शेवटी एका घरी सांगितलं, आमचेच पाव्हणे संध्याकाळी आले, बाळाचं नाव तोवर ठेवून झालं होतं.

ते लग्नाला आले. बाबांच्या शेजारी बसले आणि बाशिंग बांधलेल्या माझ्याकडे पाहत राहिले.

"हा नवरदेव का जी?" त्यांनी बाबांना विचारलं. "त्या दिवशी कोठं होता?"

"गाडीखाली," बाबा म्हणाले.

म्हाताऱ्यांनी मान डोलावली, माझ्या हातावर नारळ ठेवला आणि पंगत कुठे बसली आहे ते विचारलं.