वाल्पराइसोच्या पायऱ्यांवरची हाक

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी कायम हसत आलेय. केमिस्ट्री शिकवते, म्हणून असेल... पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, म्हणून लिहितेय.

ऐंशीचं दशक. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आम्ही मरोद्याला क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा स्टील प्लांटमध्ये इंजिनीअर. कामासाठी त्यांना काही महिने चिलीला पाठवलं होतं. तिथून ते पिक्चर पोस्टकार्डं पाठवायचे — बर्फाचे डोंगर, सांतियागोचे रुंद रस्ते, आणि सगळ्यात जास्त वाल्पराइसो शहर. समुद्राला लागून टेकड्या, त्यांवर रंगीत पत्र्याची घरं, आणि बंदरापासून निघून त्या घरांमध्ये गडप होणाऱ्या उंच पायऱ्या. आई भंडाऱ्याकडची, समुद्र तिने पाहिलाच नव्हता. पायऱ्यांचं कार्ड तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या काचेला लावलं होतं.

त्या संध्याकाळी ती भाजी चिरत होती. मी आणि धाकटा भाऊ तिथेच अभ्यास करत होतो. अचानक ती उठली, कार्डासमोर उभी राहिली आणि ओरडायला लागली, "अहो, वर या. खाली नोका जाऊ."

पुन्हा पुन्हा तेच. आवाज तिचाच, पण एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. शेजारच्या काकू धावत आल्या. भाऊ रडत विचारत होता, "मम्मी को क्या हो गया?" मग आई खाली बसली आणि परत भाजी चिरू लागली. काकू कशाला आल्या, हेच तिला कळेना. तिला काहीही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर चिलीतल्या भूकंपाची बातमी आली. बाबांचा ट्रंककॉल येईपर्यंत आई धड जेवली नाही.

बाबांनी परत आल्यावर सांगितलं ते असं — वाल्पराइसोत तेव्हा सकाळ होती. नाश्ता करून ते बंदराजवळच्या आपल्या लॉजवर परत निघाले होते. दाराशी पोचणार, तोच मागच्या पायऱ्यांवरून आईची हाक आली. आपल्या बोलीत. वळून पाहिलं तर वरच्या वळणावर एक पाठमोरी बाई, लुगडं नेसलेली. ते तिच्यामागे चढत गेले. ती थांबेना. ते वर पोचले आणि जमीन हलली... लॉजचा पुढचा भाग त्यांच्यादेखत कोसळला. बाई कुठेच नव्हती.

"तूच वाचवलं मले," बाबा म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. "मी नाही मारली हाक. ते बाई कोण होती, मले नाही माहीत."

तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, हे मी नंतर ताडून पाहिलं. त्यापुढे माझी अक्कल आजही चालत नाही.

आई जाईपर्यंत तिने बाबांना लांबून कधी हाक मारली नाही. जेवायला बोलवायचं तरी उठून जायची, खांद्याला हात लावायची. मी एकदा कारण विचारलं. ती हळूच म्हणाली,

"मी आवाज दिला, अन् त्या बाईनंच ओ दिली तं?"