पिल्लू निरोगी आहे

घाडीकाका गेल्याचं मला त्यांच्या मुलीने, मनीषाने, फोन करून सांगितलं. कोपरमधल्या माझ्या दुकानाचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. "बाबा परवा गेले," ती म्हणाली. "तुम्हाला कळवा असं ते काही म्हणाले नव्हते. मलाच वाटलं, कळवावं." मी "अरे... कसं झालं?" असं विचारलं, तिने "झोपेतच" असं सांगितलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पिंजऱ्यातल्या लव्हबर्ड्सना दाणे घालत राहिलो. नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. का, ते मी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

रघुनाथ घाडी कल्याणजवळ मोहन्याला एका कारखान्यात रखवालदार होते. तिथल्या राखणीच्या कुत्र्यांचं खाणंपिणं, फिरवणं, शिकवणं, सगळं त्यांच्याकडे असे. निवृत्त होऊन ते कोपरला राहायला आले. माझं पाळीव प्राण्यांचं दुकान तेव्हा नवं होतं. शेजाऱ्याच्या कुत्र्यासाठी साखळी घ्यायला म्हणून ते आले आणि माझ्या 'जर्मन शेफर्ड'कडे बघून म्हणाले, "आई शेफर्ड असेल. बाप कोण, ते त्या आईलाच ठाऊक." मला राग आला, पण हसूही आलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते परत आले, स्टुलावर बसले, आणि पुढची दोन वर्षं ते स्टूल त्यांचंच झालं.

कुत्रं कसं ओळखायचं ते मी त्यांच्याकडून शिकलो. ते म्हणत, "चाळीस दिवसांचं पिल्लू म्हणजे उकडलेला बटाटा रे. सगळी सारखीच. तू तोंड बघतोस, गिऱ्हाईकही तोंडच बघतं. शेपटीचं बूड बघ, पंजा बघ." लॅब्रेडॉरची शेपटी बुडाशी मनगटासारखी जाड, गावठीची पहिल्यापासूनच निमुळती. पण दिसणं त्यांच्या लेखी निम्मंच. मग ते पिल्लाला जमिनीवर सोडत आणि खिशातला किल्ल्यांचा जुडगा धाडकन खाली टाकत. एखादं पिल्लू दचकून पळे ते टेबलाखालून निघतच नसे. एखादं लगेच येऊन किल्ल्या तोंडात धरी. गावठी मात्र चार पावलं मागे जाऊन थांबे, बघे, आणि मग तिरकं तिरकं येऊन वास घेई. "हा विचार करतो," काका कौतुकाने म्हणत. "जात कातडीवर दिसते, पण कळते ती घाबरल्यावर." गिऱ्हाइकाने "प्युअर आहे ना?" असं विचारलं, की ते माझ्याकडे न बघता खरं काय ते सांगून टाकत. मी वैतागायचो. "काका, माझं दुकान चालू द्यायचंय की नाही?" "चालेल रे. तीन पायांचं कुत्रं चालतं, तुझं दुकान का नाही चालणार?" आणि खरोखरच चाललं. 'त्या काकांना दाखवून घ्या' असं सांगून लोक लोकांना पाठवू लागले.

डोंबिवलीचं ते जोडपं असंच कुणाच्या तरी सांगण्यावरून आलेलं. त्यांना मी रविवारी लॅब्रेडॉर देतो असा शब्द दिला होता. ज्या घरून पिल्लू यायचं होतं, तिथली सगळी पिल्लं त्याच आठवड्यात पार्व्होच्या साथीने गेली. नाही म्हणून सांगता आलं असतं. त्यांनी वाट पाहिली असती. पण मला शब्द पडू द्यायचा नव्हता... कल्याणला एका लाकडाच्या वखारीमागे रस्त्यावरची बदामी कुत्री व्यायली होती, ते मला माहीत होतं. मी गेलो, तिला बिस्किटं टाकून बाजूला केलं आणि त्यातलं सगळ्यात गुटगुटीत पिल्लू उचललं. ती वखारीच्या फाटकापर्यंत मागे आली होती.

रविवारी काका स्टुलावर होते. त्या गृहस्थांनी पिल्लू थेट त्यांच्याच मांडीवर ठेवलं. "काका, लॅब्रेडॉरच ना? तुम्ही म्हणालात की आम्ही डोळे मिटून नेतो." काकांनी शेपटीच्या बुडावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवर उगाच फडकं मारत होतो. त्यांनी किल्ल्या काढल्या नाहीत. पिल्लू परत त्यांच्या हातात देत म्हणाले, "पिल्लू निरोगी आहे." एवढंच. त्या दोघांना तेवढंच पुरलं. ते गेल्यावर काकांनी अर्धा राहिलेला चहा ठेवून दिला, चपला घातल्या आणि "उद्या मी येत नाही," म्हणाले. नंतर ते कधीच आले नाहीत.

इथवरचं मी कदाचित कुणाला सांगूही शकलो असतो. पुढचं नाही. सात महिन्यांनी ते गृहस्थ कुत्र्याला घेऊन दुकानात आले. दोन्ही कान ताठ उभे, शेपटी पाठीवर वळलेली. "हा लॅब्रेडॉर? अहो, कोल्हा दिलात कोल्हा! सोसायटीत लोक हसतात आम्हाला." दुकानात चार माणसं होती. मी म्हणालो, "साहेब, मी तर विकणारा. पारख त्या काकांनी केली होती. तुमच्यासमोरच ना?" आणि मागितला नसताना मी काकांच्या घरचा पत्ता एका कागदावर लिहून दिला.

काकांच्या जिन्यात काय झालं, ते मला नंतर कळलं. शेजारीपाजारी दारात येऊन उभे, ते गृहस्थ 'दलाल, लबाड' म्हणतायत, आणि काका ऐकून घेतायत. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. फक्त पट्टा आणि लसीचं पुस्तक मागून घेतलं आणि कुत्र्याला घरात नेलं. मी पुढे त्यांना एकदाच पाहिलं, कोपर स्टेशनबाहेर, त्याच कुत्र्याबरोबर. मी पलीकडच्या फुटपाथवर गेलो.

तेराव्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो. मनीषाने पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "पत्ता तुम्हीच दिला होतात ना?"

"हो."

"बाबांनी कधी सांगितलं नाही. पण तो कागद जिन्यातच पडला होता, आणि त्यावरचं अक्षर लसीच्या पुस्तकातलंच होतं." ती आत गेली आणि ते पुस्तक घेऊन आली. पहिल्या पानावर 'जात: लॅब्रेडॉर'. अक्षर माझं, त्या रविवारचं. खाली नऊ वर्षांचे शिक्के. "दरवर्षी डॉक्टर हसायचे. मी म्हणायचे, बाबा, खोडा ना ते. तर म्हणायचे, बोलायचं होतं तेव्हा मी बोललो नाही, आता पेन कशाला चालवू?"

मी पेन मागितलं. तिने पुस्तक मिटलं. "नको. पुढच्या मंगळवारी लस आहे. मला रजा नाही. तुम्ही घेऊन जा ब्रूनोला."

मंगळवारी मी गेलो. ब्रूनो आता म्हातारा झालाय, तोंड पांढरं पडलंय. मला बघून तो चार पावलं मागे सरला, थांबला, मग तिरका तिरका येऊन माझ्या हाताचा वास घेतला आणि चालू लागला. वाट त्याला पाठ होती. वाण्याच्या ओट्यापाशी तो आपणहून थांबला, माणसाला दम खाता यावा इतका वेळ, आणि मग निघाला. दवाखान्यात नवीन डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पुस्तक उघडलं, एकदा पानाकडे आणि एकदा टेबलावरच्या त्याच्या उभ्या कानांकडे पाहिलं.

"लॅब्रेडॉर?"

"नाही," मी म्हणालो. "गावठी आहे. ते मी लिहिलंय. लिहिताना मला माहीत होतं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि सुई भरायला वळल्या.